अर्धी फुली

४ मार्च, सोमवार
वरचं १५४, खालचं ९८.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून ही वही. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्धा तास शांत बसायचं, प्रेशर मोजायचं, आकडा लिहायचा आणि त्याखाली दिवसभरात काय झालं ते खरंखरं लिहायचं. म्हणजे प्रेशर कशाने चढतं ते कळेल. मी विचारलं, "वाचणार कोण?" ते म्हणाले, "आकडे मी वाचेन. बाकीचं तुमचं तुम्ही वाचा."

हिने मोजायचं यंत्र आणलं आणि आधी स्वतःचं मोजून बघितलं. ११०, ७०. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून हिचं ११०, ७०. मला त्यात थोडा अपमान वाटला.

दिवसभरात काय झालं: काही नाही. एक कवळी पॉलिश केली, दोन मेणात बसवल्या.

६ मार्च, बुधवार
वरचं १६०, खालचं १००.

आज लॅबच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, आम्हा दोघांना आत बोलावलं. दोघांना म्हणजे मला आणि उस्तादांना. लॅबमध्ये कवळ्या करणारे आम्ही दोघंच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात पाठवतो. उस्ताद बासष्ट वर्षांचे, मी एकावन्न. काम मला त्यांनीच शिकवलं. चोवीस वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे त्यांना शिंक येणार हे मला त्यांच्या आधी कळतं.

मॅडम म्हणाल्या की मशीन येतंय. स्कॅन करायचं, बटण दाबायचं, दात बाहेर. एप्रिलपासून टेबल एकच लागेल. कुणाचं, ते महिनाअखेरीस ठरवू.

उस्तादांनी विचारलं, "मशीन पॉलिशपण करतं का?"

"करतं."

"मग चहा तरी आपल्यालाच करावा लागेल," उस्ताद म्हणाले आणि खरंच चहा ठेवायला गेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला दुसरं काहीही येत नाही. एकदा घरी नळ दुरुस्त केला होता, त्यानंतर प्लंबरला दोन दिवस यावं लागलं.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्यांचं वय झालंय, तुम्हालाच ठेवतील." मग थोड्या वेळाने म्हणाली, "असं म्हणायला नको होतं मी."

मला मात्र ते ऐकून बरं वाटलं होतं.

७ मार्च, गुरुवार
वरचं १५८, खालचं १००.

मॅडम जाता जाता म्हणाल्या, "या आठवड्यात कोण किती केसेस काढतं ते बघते." नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. उस्तादांनी मान हलवली आणि आपलं काम आपल्याच वेगाने करत राहिले. मी शौचालयातसुद्धा पळत गेलो.

८ मार्च, शुक्रवार
वरचं १६२, खालचं १०२.

खरंखरं लिहायचं आहे म्हणून लिहितो. कवळीचा गुलाबी मसाला लोखंडी डब्यात दाबला की तो डबा थंड पाण्यात ठेवायचा आणि पाणी अगदी हळू तापवायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. घाई केली तर मसाल्याच्या आत बुडबुडे धरतात. वरून काही दिसत नाही. कवळी गोड दिसते, डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि मग एक दिवस ती तोंडात मोडते.

आज ३१८ नंबरची केस मी सरळ उकळत्या पाण्यात टाकली. उस्ताद डॉक्टरांकडे माप आणायला गेले होते. एक टाकली म्हणून काही होत नाही. या आठवड्यात उस्तादांच्या सहा झाल्या, माझ्या नऊ.

११ मार्च, सोमवार
वरचं १५०, खालचं ९६.

३१८ गेली. डॉक्टरांचा फोन आला, फिटिंग उत्तम. बघा.

१५ मार्च, शुक्रवार
वरचं १७२, खालचं १०६.

३१८ मोडली.

पेशंट म्हणजे कोर्टात नावं पुकारणारे गृहस्थ आहेत. दारात उभं राहून पक्षकाराला तीनदा हाक मारायची, हे त्यांचं काम. तिसऱ्या हाकेला कवळीचे दोन तुकडे झाले. ज्याला पुकारलं तो हजर झाला, पण त्याचं निम्मं आडनाव जमिनीवर पडलेलं होतं. न्यायाधीशांनी कामकाज पंधरा मिनिटं थांबवलं. गृहस्थांची हिरडी कापली आहे, आता महिनाभर त्यांना फायली उचलायचं काम दिलंय. हे सगळं मॅडमनी आम्हाला सांगितलं तेव्हा मला एका ठिकाणी हसू आलं. ते दाबताना घामही आला.

मॅडमनी विचारलं, "३१८ कुणाची?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

उस्ताद म्हणाले, "साचा असेल फळीवर. खूण बघा."

आमच्याकडे चिठ्ठीवर नाव घालत नाहीत, फक्त नंबर. केस ज्याने घेतली त्याने प्लास्टरचा पहिला साचा ओला असतानाच बुडाशी सुरीने आपली खूण कोरायची. तो साचा केस गेल्यावरही महिनाभर ठेवतो. उस्तादांची खूण फुली. मी नवा आलो तेव्हा ते म्हणाले होते, "माझी फुली आहे, तिच्यातली अर्धी तुला देतो. शिकलास की उरलेली पण देईन." तेव्हापासून माझी खूण म्हणजे एक तिरकी रेघ. उरलेली अर्धी त्यांनी कधी दिली नाही, आणि मीही मागितली नाही. चोवीस वर्षांत हा विनोद दर दिवाणखान्यात, दर पाहुण्यासमोर झाला आहे.

मॅडमना डॉक्टरांची माफी मागायला जायचं होतं. "उद्या दहाला बघू," म्हणाल्या. म्हणजे माझ्याकडे अठरा तास होते. जेवण गेलं नाही. हिने विचारलं काय झालं, मी म्हणालो, कोर्टाचं प्रकरण आहे. ती घाबरली.

१६ मार्च, शनिवार
वरचं १३२, खालचं ८४.

या आठवड्यात लॅबची किल्ली माझ्याकडे आहे. साडेनऊला पोचलो. साचा फक्त बघायला म्हणून हातात घेतला. बुडाशी माझी रेघ होती. एकच रेघ, एवढीशी.

तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला हवं, पण काहीच चाललं नव्हतं. डोकं रिकामं होतं आणि कानात कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा आवाज होता. सुरी घेतली आणि रेघेवरून आडवी दुसरी रेघ मारली. वाळलेल्या प्लास्टरवर रेघ मारली की कडा उडतात. मग ओला ब्रश फिरवला, कडा गुळगुळीत झाल्या. हे मात्र मी अगदी शांतपणे आणि नीट केलं. गेल्या दोन आठवड्यांत माझा हात एवढा स्थिर नव्हता.

दहाला मॅडम आल्या. साचा उलटा करून म्हणाल्या, "फुली आहे."

उस्तादांनी भिंगाचा चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी नाही बघितलं. म्हणाले, "फुली माझीच आहे. पण ही केस मी केल्याचं आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही, मॅडम." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राजा, मी केली का रे ही?"

ते मला पहिल्या दिवसापासून राजा म्हणतात. मी म्हणालो, "असेल."

'असेल' हा शब्द काही खोटा नाही. असूही शकतं, नसूही शकतं, असा त्याचा अर्थ आहे. मी व्याकरणाच्या बाहेर गेलेलो नाही.

घरी येऊन प्रेशर मोजलं तर १३२, ८४. यंत्र बिघडलं असेल म्हणून हिचं मोजलं. ११०, ७०. यंत्र ठीक आहे.

१८ मार्च, सोमवार
वरचं १२८, खालचं ८२.

झोप छान लागते आहे. उस्तादांनी खिशात मावेल अशी छोटी वही आणली आहे. केस हातात घेतली की तिच्यात लिहितात, खाली ठेवली की लिहितात. आज पाण्याखालचा गॅस बंद केला आणि तेही लिहिलं. मग दोन मिनिटांनी उठून खरंच बंद केलाय ना ते बघून आले. चुकीनंतर माणूस सावध होतो हे चांगलंच आहे.

मी त्यांना जास्तीत जास्त मदत करतो आहे. आज त्यांचं टेबलही पुसलं.

२० मार्च, बुधवार
वरचं १२६, खालचं ८०.

३१८चा साचा मॅडमच्या टेबलावर पडून होता. "हा फेकायचा का?" मी विचारलं. "फेका," त्या म्हणाल्या. मी फेकला. आधी हातोडीने बारीक केला, कारण मोठे तुकडे कचऱ्याच्या पिशवीला भोक पाडतात.

२३ मार्च, शनिवार
वरचं १२४, खालचं ८०.

उस्ताद स्वतःच मॅडमकडे गेले. म्हणाले, "हात ठीक आहेत माझे, डोक्याचं सांगता येत नाही. उद्या कुणाच्या तोंडात भलतंच काही जायला नको. तुम्ही राजाला ठेवा." मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्यांना कुणालाच काढायचं नव्हतं, असं त्या तीन वेळा म्हणाल्या.

म्हणजे शेवटी कुणी कुणाला काढलंच नाही. उस्तादांनी स्वतः ठरवलं. मी विचार केला की साठीनंतर माणसाला आराम हवा असतोच.

२८ मार्च, गुरुवार
वरचं १२२, खालचं ७८.

आज दोन गोष्टी झाल्या.

सकाळी डॉक्टर. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि खुर्चीतून थोडे उठले. "सोळा तारखेपासून बघा! गोळी तर मी वाढवली नव्हती. काय केलंत?" मी म्हणालो, "विशेष काही नाही, जरा ताण कमी झाला." ते म्हणाले, "हे लोकांना सांगायला पाहिजे. मोजत राहा."

दुपारी उस्तादांचा निरोप समारंभ. समारंभ म्हणजे मॅडम, मी, हिशेबाला येतात त्या बाई आणि दातांचे दोन डॉक्टर. भाषण मीच केलं. फार चांगलं झालं. मी म्हणालो की या माणसाने मला हात धरून शिकवलं, या शहरात जेवढे लोक आज खळखळून हसतात त्यांतले निम्मे उस्तादांच्या दातांनी हसतात. तिथे माझा आवाज खरंच भरून आला. ते नाटक नव्हतं. मला मनापासून वाईट वाटत होतं आणि ते बाहेर पडल्यावर फार हलकं वाटलं.

उस्तादांनी उत्तरादाखल आपली मेण कोरायची सुरी मला दिली आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. सुरी कुणाला दिली ते लिहीत असावेत.

३ एप्रिल, बुधवार
वरचं १२२, खालचं ८०.

मशीन बसलं. दिसायला पावाच्या भट्टीसारखं आहे. मला ते चालवायला शिकवायला एक माणूस येतो, तो माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतो.

दुपारी काकू आल्या, म्हणजे उस्तादांची बायको. लॅबच्या पायरीवरच उभ्या राहिल्या, आत येईनात. "तुला वेळ आहे का रे पाच मिनिटं?" म्हणाल्या. ते स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे जायला लागले आहेत. त्या डॉक्टरांनी एक कागद दिला आहे, रोजच्या सहवासातल्या माणसाकडून भरून आणायला. विसरण्याचे प्रसंग, तारखेसकट, आणि खाली चार रिकाम्या ओळी.

"घरी तर मला कधी काही दिसलं नाही," काकू म्हणाल्या. "बायकोच्या लक्षात येत नाही म्हणतात, सवय होते ना. तू दिवसभर त्यांच्या शेजारी असायचास. कधीपासून सुरू झालं, ते तुलाच माहीत असणार."

मी म्हणालो, "काकू, तसं काही मोठं नव्हतं हो."

"लपवू नकोस. लवकर कळलं तर औषध लागू पडतं म्हणतात."

आता मी काय करणार होतो? काहीच घडलं नव्हतं असं लिहिलं असतं, तर तो डॉक्टर म्हणाला असता, मग ३१८चं काय? आणि त्या ३१८च्या मागे लागला असता. डॉक्टर लोकांना खोदत बसायची सवय असते. मी पेन मागितलं.

पहिल्या ओळीत ३१८ लिहिलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं की जानेवारीत त्यांनी प्लास्टरची गोणी आली का हे दहा मिनिटांत दोनदा विचारलं. तिसऱ्या ओळीत, एकदा मला दुसऱ्याच नावाने हाक मारली. एक ओळ रिकामी बरी दिसेना, म्हणून चौथीत लिहिलं की फेब्रुवारीत छत्री बसमध्ये विसरले. ही चौथी गोष्ट अगदी खरी आहे. फक्त ती माझ्या बाबतीत घडली होती.

काकूंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू आहेस म्हणून," म्हणाल्या.

ताणात माणूस वाईट होतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की तो वाईट होत नाही, चटपटीत होतो.

५ एप्रिल, शुक्रवार
वरचं १३४, खालचं ८६.

आज हिचा वाढदिवस होता. माझ्या लक्षात नव्हतं. सकाळी सात वाजता उस्तादांचा फोन आला, दर वर्षी येतो तसा. ही बोलून ठेवताना म्हणाली, "विसरायला लागलेत म्हणता, आणि माझा वाढदिवस बरा आठवतो त्यांना. मागच्या वर्षी दिलेल्या साडीचा रंगसुद्धा सांगितला."

मी म्हणालो, जुनं आठवतं, नवीन विसरतात. असंच असतं ते.

"तुमचं उलट आहे का मग?" ही म्हणाली. मी संध्याकाळी फुलं घेऊन आलो. तिने ती पाण्यात ठेवली.

९ एप्रिल, मंगळवार
वरचं १५६, खालचं ९८.

ही उस्तादांकडे जाऊन आली. पर्स खाली न ठेवताच सांगायला लागली.

काकूंनी गॅसची बटणं काढून कपाटात ठेवली आहेत. चहा करायचा झाला की बटण लावतात, झाला की काढतात. बाहेरच्या दाराला वरून कडी असते. उस्ताद रोज सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जायचे, ते बंद झालं. सदऱ्याच्या खिशाला आतून पत्ता लिहिलेली चिठ्ठी टाचली आहे. ते घरी मेणाचे दात कोरत बसायचे, हौस म्हणून, ती घरची दुसरी सुरीही काढून घेतली. बसलेले असतात. मध्येच विचारतात, "मी आत्ता काही म्हणालो का?"

"आणि चेष्टा करत नाहीत हो," ही म्हणाली. "मी मुद्दाम म्हटलं, उस्ताद, तुमच्या राजाने मशीनला चहा करायला शिकवलं. तर म्हणाले, असं का, छान."

हे मी केलं आहे. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना कळलंय. त्या दिवशी भिंगातून बघितलं तेव्हाच त्यांनी ओळखलंय, आणि माझ्यावरच्या मायेपोटी गप्प बसलेत. मी या गोष्टीवर निवांत झोपत होतो. त्यांना काहीही कळलेलं नाही. त्यांनी आपल्या खुणेवर विश्वास ठेवला आणि आपल्या डोक्यावरचा काढून घेतला.

मला स्वतःची किळस येते आहे. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे, त्यामुळे बरोबर लिहिलं की नाही माहीत नाही.

११ एप्रिल, गुरुवार
वरचं १७०, खालचं १०६.

डॉक्टर चिडले. "सोळा मार्च ते तीन एप्रिल एवढं सुंदर चाललं होतं! तेव्हा काय करत होतात?"

"काम," मी म्हणालो.

"मग तेच करा ना परत. आता कशाला बदललंत?" त्यांनी गोळी दुप्पट केली.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. सुरी, ओला ब्रश, हातोडी, कागद, छत्री. ती भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली भाजी तिने एकाच ताटात टाकली, तिला कळलंही नाही. मग म्हणाली, "उद्या जा."

"रविवारी जातो. निवांत बोलता येईल."

"रविवारपर्यंत त्यांना तसंच कोंडून ठेवायचं? उद्या कामावरून परस्पर जा."

"तू येतेस?"

"नाही. मी असले तर तुम्ही निम्मंच सांगाल."

नोकरी जाईल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ दे." मग भाजी परत वेगळी करत बसली.

१२ एप्रिल, शुक्रवार

साडेसहाला पोचलो. काकूंनी वरची कडी काढली. उस्ताद टेबलाशी वही घेऊन बसले होते. दाढी नीट केलेली, सदरा इस्त्रीचा. खिशाजवळ टाचणीचं टोक चमकत होतं.

मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो. उभ्यानेच सांगितलं. ३१८ माझी होती. उकळत्या पाण्यात टाकली. साच्यावर माझी रेघ होती, तिची मी फुली केली. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

उस्तादांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हसले. निरोप समारंभानंतर पहिल्यांदाच हसले असणार, कारण काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"राजा," ते म्हणाले, "वाळलेल्या प्लास्टरवर रेघ मारली तर कडा उडतात. मी भिंगातून बघितलं होतं. दोन्ही रेघा एकसारख्या होत्या, गुळगुळीत."

"मी ओला ब्रश फिरवला."

"ओला ब्रश!" ते काकूंना म्हणाले. "बघ, किती विचार करून आलाय पोरगा."

"उस्ताद, आईशप्पथ सांगतो."

"साचा कुठंय मग?"

"फोडला."

"हां," ते म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुझी ती भाषणातली गोष्ट मला अजून आठवते बरं का. खळखळून हसतात म्हणालास. तुझा आवाज भरून आला होता. तेव्हाच मी हिला म्हटलं, याला माझं फार लागलंय, हा काहीतरी वेडेपणा करणार."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी कपाटातून तो कागद आणला आणि माझ्यासमोर धरला. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "पण हे तर तूच लिहून दिलंस ना?"

"ते खोटं आहे. चारही ओळी खोट्या आहेत. गोणीचं मी बनवून लिहिलं."

"नाही रे," उस्ताद म्हणाले. "गोणीचं आठवतं मला. आधी आठवत नव्हतं, पण डॉक्टरांनी वाचून दाखवलं तेव्हा आठवलं. दोनदा विचारलं होतं मी. तू दाराशी उभा होतास. आणि छत्री काळी होती, वाकड्या दांड्याची."

छत्री काळी होती. वाकड्या दांड्याची होती. हरवेपर्यंत चार वर्षं ती माझ्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेली असायची.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मोठ्याने आणि सावकाश. सांगता सांगता मला रडू आलं, आणि ते आल्यावर माझं सांगणं आणखीच खोटं वाटायला लागलं, ते मलाही कळत होतं. काकूंनी पाणी आणलं. उस्ताद माझ्या पाठीवर थोपटत होते. उद्या मॅडमना सांगतो असं मी म्हणालो तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "खबरदार. माझ्यापायी तुझं टेबल गेलं तर मला ते विसरायला हवं तेव्हा नेमकं विसरता येणार नाही." मग स्वतःच्या विनोदावर हसले. मी तरीही सांगणार आहे.

मग त्यांनी वही ओढली, घड्याळ बघितलं आणि लिहायला घेतलं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की रोज काय झालं ते लिहायचं आणि जो हजर असेल त्याने वाचून खाली सही करायची. म्हणजे मनाचं काही घातलं जात नाही. एरवी काकू करतात.

लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचलं. "१२ एप्रिल. साडेसहाला राजा आला. ३१८ त्याची होती असं सांगितलं. दोनदा सांगितलं. रडला. चहा घेतला नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. जरा घाबरून बघितलं, परीक्षेत बघतात तसं. "बरोबर आहे ना रे? काही राहिलं का?"

मी वही हातात घेऊन वाचली. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांना एवढा आनंद झाला. काकूंकडे वळून म्हणाले, "बघ, सगळं आलं." काकूंनी पेन पुढे केलं आणि मी सही केली.